माय मरो, मावशी जगो?

प्रश्न : ताई, आमची अकरावीतली मुलगी ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ ही इंग्रजी कादंबरी वाचून दोन दिवस गप्प होती. मग पुस्तक माझ्या हातात ठेवलं, म्हणाली, “बाबा, वाचा.” वाचलं. चार्ली आवडला, शेवट पटला नाही. पुस्तकभर हेलन मावशीच्या आठवणीने रडणारा मुलगा, आणि अगदी शेवटी कळतं की लहानपणी त्याच मावशीने त्याच्याशी नको ते केलं होतं. धक्का देण्यासाठी चिकटवल्यासारखं वाटतं. – एक वाचक, सांगली

उत्तर : मलाही तसंच वाटलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. स्टीफन चबॉस्कीचं हे १९९९ सालचं पुस्तक आमच्याकडे बऱ्याच उशिरा आलं. पत्रांतून सांगितलेली शाळकरी पोरांची हलकीफुलकी गोष्ट, असं सांगून मी ते तीन-चार जणींना दिलंही. एकीने परत करताना विचारलं, “मॅडम, तुम्ही शेवटपर्यंत वाचलंय ना?” नव्हतं वाचलं. त्या रात्री संपवलं, लेखकावर चिडले, आणि मग पहिल्या पत्रापासून पुन्हा निघाले, मावशी कुठे कुठे येते तेवढंच बघत.

तुम्हीही तसं करून बघा. चार्लीचा वाढदिवस २४ डिसेंबरचा. नाताळच्या तोंडावर जन्मलेल्या पोराला लोक एकाच भेटीत गुंडाळतात; मावशी दोन द्यायची. त्याच्या सातव्या वाढदिवशी भेट आणायला म्हणून ती बर्फात गाडी घेऊन बाहेर पडली आणि अपघातात गेली. आपल्यामुळे गेली, हे ओझं पोर तेव्हापासून वागवतंय. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? आपल्याकडे तर ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणतात. तुम्हाला जे अशक्य वाटतंय ते त्यालाही अशक्यच वाटतं. म्हणून तर शेवटापर्यंत आठवत नाही. शिवाय त्या मावशीवरही कुणीतरी तोच अत्याचार केला होता, हे पुस्तकात बरंच आधी येऊन गेलंय. आपण ते वाचतो, तिची कीव करतो आणि पुढे जातो.

मला सगळ्यात मोठी खूण वेगळीच वाटते. या मुलाकडे ‘नको’ हा शब्दच नाही. मित्र पॅट्रिक दुःखात आहे म्हणून त्याला आपलं चुंबन घेऊ देतो, स्वतःला हवं असो-नसो. याच सवयीबद्दल त्याची मैत्रीण सॅम त्याला शेवटी चांगली फैलावर घेते. आणि त्याच रात्री, जिच्यावर वर्षभर जीव टाकला त्या सॅमच्याच स्पर्शाने अंग आक्रसतं, तेव्हा तो पहिल्यांदा थांबतो. अंगाला आधी आठवलं, त्याला नंतर.

तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे. पूर्ण पुसलेली आठवण अशी लख्ख परत येते का, यावर १९९०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांची जोरदार भांडणं झाली, आणि ती अजून मिटलेली नाहीत. माझी तक्रार मात्र दुसरीच आहे. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षित वाटणं, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परतणं. मधला टप्पा सर्वांत चिवट, आणि चबॉस्की तो हॉस्पिटलच्या दोन महिन्यांत उरकतो. पानं थोडी, घाई फार. तिसरा टप्पा मात्र सुरेख उतरलाय. सुरुवातीला बोगद्यातून जाताना पिकअपच्या मागे सॅम उभी असते आणि चार्ली आत बसून बघतो. शेवटी तिथे तो स्वतः उभा राहतो. कुणी काही समजावत बसत नाही.

आता मुलीचं. दोन दिवसांची चुप्पी म्हणजे काही घडलंच असेल, असं नाही. चांगलं पुस्तक एवढं करतंच. खोदून विचारू नका. चार्ली का आवडला, ते सांगा आणि ती बोलेल तेवढं ऐका. काही निघालंच, तर आधी ‘माझा विश्वास आहे’ म्हणा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि शेवट पटला नाही, हे तिला अजून सांगितलं नसेल, तर एवढ्यात सांगू नका.