खरड छाटणीचं वर्ष

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, बेसबॉलचे तिन्ही सामने हरलात. तुला, एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एकदाही बुलपेनमधून (राखीव पिचर जिथे तयारीत थांबतात तिथून) बोलावलं नाही, आणि आता तुला कॉलेजच बदलायचं आहे. अरे, मार्च अजून संपला नाही! हंगामात नियमित सामनेच ५६ असतात, तुमचे निम्मेसुद्धा झालेले नाहीत.

काका कॅलिफोर्नियात फ्रेस्नोत राहतात म्हणून ऊठसूट २००८ काढतात, असं तू म्हणणार. काढणारच. त्या वर्षी इथल्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या संघाने पहिल्या वीस सामन्यांत बारा घालवले होते. पुढे सावरले, पण राष्ट्रीय स्पर्धेत शिरले ते कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांची, स्पर्धा जिंकून. ६४ संघ, चार-चारचे १६ गट, आणि आपल्या गटात यांना मानांकन चौथं, म्हणजे शेवटचं. लाँग बीचचा गट जिंकला. ॲरिझोना स्टेटच्या मैदानावर पहिला सामना हरून पुढचे दोन जिंकले. मग ओमाहा, जिथे शेवटच्या फेऱ्या होतात. अंतिम फेरीत जॉर्जियाशी तीन सामने: पहिला ७-६ हरले, दुसऱ्यात पाच धावांनी मागे पडून १९-१० जिंकले, तिसरा ६-१. इतक्या खालच्या मानांकनाचा संघ त्याआधी कधीच विजेता झाला नव्हता. त्यांची वर्षाची नोंद वाच: ४७ विजय, ३१ पराभव. करंडक आला म्हणून ते ३१ कुणी खोडले नाहीत.

यात नशीबही होतं, हे मी नाकारत नाही. तुमच्या संघाचं असंच होईल असंही मी म्हणत नाही. मला सांगायचंय ते पिचरांबद्दल. त्यांचा सर्वात भारी पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीने ऐन मोक्याला बाहेर बसला. त्याच्या वाटचे डाव इतरांना उचलावे लागले. शेवटच्या सामन्यात जस्टिन विल्सनने नऊपैकी आठ डाव टाकले, तेही जेमतेम तीन दिवसांच्या विश्रांतीवर. कुणाची पाळी कधी येईल, हे मार्चमध्ये त्यांच्या कोचलाही सांगता आलं नसतं. तुझ्या कोचला तरी कुठून कळणार?

आणि एक. स्टीव्ह डेटवायलरने त्या सामन्यात दोन होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले आणि सहाच्या सहा धावा त्याच्याच फटक्यांवर आल्या, अंगठ्याचा स्नायुबंध फाटलेला असताना. लोक ही गोष्ट फार कौतुकाने सांगतात. तू ती गिरवू नकोस. तो फलंदाज होता, दुखणं अंगठ्याचं होतं. तू पिचर आहेस आणि मागच्या महिन्यात खांदा 'जरासा' दुखतो म्हणाला होतास. ट्रेनरला सांगितलंस का? नसशील, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तिकडे जा.

आमच्या तासगावात द्राक्षबागेची दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी. बाग अगदी बोडकी दिसते, आणि त्या फुटीवर घड धरायचे नसतात. नुसत्या काड्या तयार करायच्या. त्याच काड्यांवर ऑक्टोबर छाटणीनंतर माल येतो. इकडे फ्रेस्नोत बेदाण्याचं एवढं मोठं राज्य, पण छाटणी एकदाच, हिवाळ्यात. त्यामुळे शेजाऱ्याला हे समजावताना माझी दमछाक होते. तुला समजेल, तू आजोबांच्या बागेत उन्हाळे काढलेस. तुझं पहिलं वर्ष एप्रिलचं आहे. बोडकं दिसणारच.

कॉलेज बदलायचं तर जूनमध्ये बोलू. तेव्हाही मन तिथे लागत नसेल तर मीच कागदपत्रं बघेन, अडवणार नाही. तोवर मंगळवारचे सामने सोडू नकोस. शनिवार-रविवारचे पिचर राखून ठेवायचे असतात, म्हणून नवख्यांना चेंडू मिळतो तो मंगळवारीच, रिकाम्या स्टँडसमोर. बाकीचे दिवस डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, बसून प्रत्येक चेंडू वहीत टिपून ठेव: कुणाला काय टाकलं, त्याने काय केलं. समोरचे फलंदाज पुढच्या वर्षीही बरेचसे तेच असतील.

ईस्टरला घरी येशील तेव्हा वही बरोबर आण. काकूने तुझ्यासाठी पुरणपोळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्यात, आणि खांद्याचं काय झालं ते तिला आधी कळव, मला नंतर.

तुझा,
काका