लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३० आली, म्हणजे वडिलांची किडनी बिघडली का?

वडील निफाडला कांदे काढत होते, दुपारी चक्कर आली म्हणून तपासणी केली आणि युरिन रुटीनमध्ये १.०३० व प्रोटीन 'ट्रेस' (म्हणजे अगदी किंचित) आलं, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशकात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नुसत्या १.०३० वरून किडनी बिघडली असं म्हणता येत नाही, उलट ती काम करतेय असंच दिसतं.

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत लघवी किती घट्ट आहे त्याचा आकडा. साध्या पाण्याचा १.०००, लघवीचा साधारण १.००५ ते १.०३०. घामावाटे पाणी गेलं की चांगली किडनी उरलेलं पाणी धरून ठेवते, मग लघवी घट्ट होते आणि आकडा चढतो. एप्रिल-मेमध्ये शेतावरून थेट आलेल्या माणसाची डबी हातात घेतली की रंगावरूनच कळतं. लघवीत बुडवायच्या आमच्या पट्टीवरचा या आकड्याचा चौकोन निळसर हिरव्याचा पिवळा होत जातो. १.०३० हा तक्त्यातला शेवटचा रंग, त्यापुढचं पट्टीला दिसतच नाही. मधले टप्पेही ०.००५ चे, म्हणजे अंदाजच म्हणा.

काळजीचा आकडा वेगळाच आहे. किडनीची ताकद गेली की लघवी १.०१० च्या आसपास अडकते. माणूस तांब्याभर पाणी पिऊ दे की दिवसभर उन्हात राबू दे, ती हलत नाही. एकदाच १.०१० आला तर घाबरू नका हं, तो कुणाचाही येतो.

ट्रेस प्रोटीन मात्र सोडून देऊ नका. घट्ट लघवीत थोडंसं प्रोटीनही पट्टीवर उठून दिसतं, म्हणून दोन-तीन दिवस आराम झाल्यावर सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची, पुन्हा द्या. त्यातच अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवी घट्ट-पातळ असली तरी प्रोटीन किती जातंय ते सांगणारी तपासणी) करून घ्या, तो ३० mg/g च्या आत हवा. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन. त्यावरून निघणारा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. शुगर किंवा बीपी असेल तर हे दरवर्षी करायचंच.

आणि अंग दुखतं म्हणून वडील मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून खातात का, ते विचारा. अंगात पाणी कमी असताना त्या किडनीला फार जड जातात. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचं पाकीट न्या. लघवी फारच कमी होत असेल, लालसर दिसत असेल किंवा पायावर सूज असेल, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता आजच जा.