आजीच्या दादाचं नाव कुठे सापडेल?

प्रश्न : माझ्या आजीचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता. व्हेंजन्स विमानात मागच्या सीटवर बसायचा. 1944 च्या उन्हाळ्यात ब्रह्मदेशाच्या बाजूला गेलेलं त्याचं विमान परत आलंच नाही. तेव्हा तो 21 वर्षांचा होता, लग्न झालं नव्हतं. तार आली होती, ती गहाळ झाली. एक फोटो उरलाय. आजी नव्वदीला टेकली, पण "दादाची तिथी कोणती धरायची?" हे अजून विचारते. खडकीला युद्धातल्या कबरी पाहून आलो, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाची यादीही पाहिली. नाव नाही. कुठे शोधू?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दिल्लीच्या स्मारकावर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं आहेत. खडकीला पश्चिम आणि मध्य भारतातल्या कबरी एकत्र आणल्या. तुमच्या आजीचे दादा या दोन्हींत बसत नाहीत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या आणि देह न सापडलेल्या हवाई दलाच्या माणसांची नावं सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. तिथे 24,000 हून जास्त नावं आहेत. जायची गरज नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र सगळ्या तऱ्हांनी घालून पाहा. शेवटी 'आय' की 'ई', मध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू'. दल निवडताना 'इंडियन' आणि 'रॉयल इंडियन' दोन्ही बघा, कारण 'रॉयल' 1945 मध्ये लागलं.

माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली, त्यामुळे व्हेंजन्सबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन बनावटीचं, दोन माणसांचं बॉम्बफेकी विमान. आपल्या 7 आणि 8 नंबरच्या स्क्वाड्रननी ते ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडच्या अराकानात आणि इंफाळच्या लढाईत उडवलं. हजारो फूट उंचीवरून नाक जवळजवळ सरळ खाली करून सूर मारायचा, बॉम्ब सोडायचा आणि विमान वर खेचायचं. पायलटला निदान लक्ष्य दिसे. मशीनगन धरून शेपटीकडे तोंड करून बसलेल्या पोराला दिसे ते फक्त वरचं आभाळ. जमीन किती जवळ आली, हे पायलटच्या भरवशावर. एकविसाव्या वर्षी हे काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या मुलाला इंग्रजांच्या झेंड्याखाली लढला म्हणून आपण बाजूला ठेवावं, हे मला अजिबात पटत नाही. त्या युद्धात सुमारे 25 लाख भारतीय होते, आपल्याच घरांतले.

आता तिथी. कमिशनच्या नोंदीत मृत्यूची तारीख मिळाली, की शके 1866 च्या पंचांगात तिथी काढता येईल. वर्षश्राद्ध त्या दिवशी. पितृपक्षात मात्र शस्त्राने, घाताने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी राखलेली आहे. तारीख मिळेपर्यंत आजीला हा दिवस आत्ताच सांगून टाका. तिला वाट पाहायला लावू नका.

आणखी एक करा. अविवाहित गेलेल्या मुलाचं नाव वंशावळीत पुढे कोणी घेत नाही. रामकुंडावरच्या तुमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत त्यांचं पूर्ण नाव, विमान आणि क्रांजीचा उल्लेख लिहून घ्या.

फोटोत डाव्या छातीवर एकच पंख शिवलेला आहे का, ते भिंगाने पाहा. पंखाशेजारच्या गोलात 'ए जी' असेल तर ते गनर, 'एन' असेल तर नॅव्हिगेटर. फोटो कोणी, कधी काढला ते आजीला विचारून मागच्या बाजूला लिहून ठेवा. शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.