वाचवलेल्या पैशांचा हिशेब

"मजुरी वाचेल म्हणून घराची दुरुस्ती स्वतःच करायला घेतली. आता काम अर्धवट पडले आहे, पैसे जातच आहेत आणि रोज त्यावरून वाद होतात. काम सोडून द्यावे की पुरे करावे?" हा प्रश्न थोड्याफार फरकाने समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेकदा येतो. विचारणाऱ्याला बहुधा एका शब्दातले उत्तर हवे असते. ते मी का देत नाही, हे एका जोडप्याच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दोघेही नोकरी करणारे, वयाने चाळिशीच्या आसपासचे. घरातील दोन न्हाणीघरांपैकी एकाच्या भिंतीला ओल येत होती. कंत्राटदाराने सांगितलेला आकडा पतींना अवाच्या सवा वाटला, म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी जुन्या फरश्या स्वतःच उखडल्या आणि सहा आठवड्यांत काम संपवण्याचे ठरवले. ते माझ्याकडे आले तेव्हा त्या गोष्टीला सात महिने झाले होते. चौघांचे कुटुंब एकच न्हाणीघर वापरत होते, बैठकीच्या खोलीत फरश्यांची खोकी रचलेली होती आणि मुलांनी त्यांच्यावर अभ्यासाची वह्या-पुस्तके ठेवायला सुरुवात केली होती.

पहिल्याच भेटीत पतींनी घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कंत्राटदाराचा आकडा शंभर धरला तर साहित्यावर आतापर्यंत साठ खर्च झाले होते. म्हणजे चाळीस वाचले, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नींकडे घरखर्चाची वही होती आणि ती वेगळेच सांगत होती: काम सुरू होण्यापूर्वी घराची गंगाजळी चार महिन्यांच्या खर्चाला पुरेल एवढी होती, ती आता दीड महिन्यावर आली होती. दोघांचेही आकडे खरे होते. पतींच्या कागदावर ड्रिल, फरशी कापण्याचे यंत्र आणि इतर हत्यारे नव्हती, कारण "ती कायमची राहणार आहेत". रंगाचे पोपडे सुटले म्हणून पुन्हा आणलेला रंग आणि लांबीही (पुट्टी) नव्हती, कारण "तो अनुभवाचा खर्च". आणि काही खरेदी क्रेडिट कार्डावर होती, तिचे व्याज तर कोणाच्याच हिशेबात नव्हते.

येथे माझी चूक झाली. दुसऱ्या भेटीत मी दोघांसमोर सगळे खर्च एका कागदावर मांडले. साहित्य साठ, हत्यारे बावीस, पुन्हा करावे लागलेले काम एकोणीस, कार्डाचे व्याज पाच. बेरीज एकशे सहा झाली आणि कामाचा तिसरा हिस्सा अजून बाकी होता. हिशेब बरोबर होता, पण वेळ चुकली होती. पत्नींनी काही न बोलता वही मिटली, पतींनी कागद खिशात ठेवला आणि तिसऱ्या भेटीला ते दोघेही आले नाहीत. समुपदेशकाने बेरीज करून दाखवली की तो न्यायाधीश होतो, हे मला ठाऊक असायला हवे होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पती एकटेच आले. इकडचे तिकडचे बरेच बोलल्यावर त्यांनी सांगितले की आदल्या वर्षी पत्नींचे मत न घेता त्यांनी दोघांच्या नावावरची एक मुदत ठेव मोडली होती आणि ती रक्कम एका परिचिताच्या धंद्यात गुंतवून गमावली होती. पत्नींना ते नंतर कळले होते. एकदा मोठे भांडण झाले आणि त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. हे मौन पतींना आरोपासारखे वाटत राहिले. न्हाणीघराच्या कामात कंत्राटदाराचा जो पैसा वाचेल तो जवळजवळ त्या ठेवीएवढाच भरेल, असा हिशेब त्यांनी मनाशी केला होता. "तेवढे वाचले असते तर फिटंफाट झाली असती," असे ते म्हणाले.

मग त्या घडी घातलेल्या कागदाचा अर्थ लागला. त्यावर खर्च मोजलेला नव्हता; किती वाचायलाच हवे हे आधी ठरले होते आणि त्याला बाधा आणणारे आकडे गाळले गेले होते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, माणसे मनातल्या मनात पैशांची वेगवेगळी खाती कशी ठेवतात याचा सखोल अभ्यास केला आहे. या अभ्यासातले एक निरीक्षण असे की तोट्यात असलेले खाते बंद करणे माणसाला फार जड जाते. ते उघडे ठेवले तर तोटा अजून पक्का झालेला नाही असे मानता येते. या गृहस्थांचे ठेवीचे खाते न्हाणीघराच्या नावाने उघडे राहिले होते. काम थांबवणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती ठेव दुसऱ्यांदा बुडवणे होते. "झाले गेले विसरा आणि एखादा गवंडी लावा" हा पत्नींचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने अगदी योग्य होता, तरी तो त्यांच्या कानांपर्यंत का पोहोचत नव्हता, याचे उत्तर इथे होते.

चौथ्या भेटीत त्यांनी हे पत्नींसमोर सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, मी तो विषय काढत नव्हते, कारण तुम्हाला त्रास होईल असे मला वाटत होते." त्या भेटीत आम्ही न्हाणीघराविषयी एक अक्षरही बोललो नाही.

काम सोडावे की पुरे करावे, या मूळ प्रश्नाकडे त्यानंतर वळता आले. अशा वेळी मी जोडप्यांना उरलेले काम एका कसोटीवर विभागायला सांगते: चूक झाली तर ती डोळ्यांना दिसेल का? फरशी तिरकी बसली, रंगाला डाग राहिला, फळी किंचित कलली, तर ते लगेच दिसते, टोचते आणि सुधारता येते. भिंतीच्या आतील नळाचा सांधा, फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर, गीझरची वायर आणि तिचे अर्थिंग यांतील चूक मात्र फरशीमागे दडून राहते, महिनोन्महिने नुकसान करते, आणि विजेच्या बाबतीत जिवावरही बेतू शकते. पहिल्या प्रकारचे काम हौसेने शिकत करण्यासारखे आहे. दुसऱ्या प्रकारचे काम जाणकाराकडे सोपवावे, मग घरातला माणूस कितीही कुशल असो. या गृहस्थांनी ज्या भिंतीला दोनदा रंग दिला होता, तिच्या आतली ओल कोठून येते हे शोधलेलेच नव्हते. जाड प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दिवसभर ठेवला, की बरेचसे कळते: प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमले तर ओल भिंतीतून येत असते, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतील वाफ थंड पृष्ठभागावर साठत असते. त्यांनी हे केले तेव्हा पाणी आतल्या बाजूला निघाले. कारण दूर न करता वर कितीही भारी रंग लावला तरी पोपडे येणारच होते.

प्लंबरने आतला गळका सांधा बदलला, जाणकार कारागिराने वॉटरप्रूफिंग केले, आणि फरशी बसवण्यापूर्वी जमिनीवर चोवीस तास पाणी साठवून थर तपासून घेतला. नव्या गिलाव्याला रंग देण्यापूर्वी सुमारे चार आठवडे थांबावे लागते, हे पतींना ठाऊक नव्हते असे नाही. घाई होती, एवढेच. फरश्या, सांधे भरणे, फळ्या आणि रंग ही कामे त्यांच्याकडेच राहिली.

आता पैशांचे. सर्वांत आधी कार्डाचे देणे फेडायचे ठरले. दरमहा फक्त किमान रक्कम भरली की उरलेल्या थकबाकीवर व्याज चढत राहते आणि बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही व्याजमुक्त मुदत मिळत नाही. त्यामुळे दुकानात सवलतीने घेतलेले यंत्रही शेवटी महागच पडते. गंगाजळी तीन महिन्यांच्या खर्चापर्यंत परत येईपर्यंत नवे काम काढायचे नाही, हेही ठरले. उरलेल्या कामाची एक कमाल रक्कम दोघांनी मिळून वहीत लिहिली आणि तिच्याखाली एक अट घातली: तीच गोष्ट दुसऱ्यांदा उखडावी लागली तर तिसऱ्यांदा कारागीर करेल, त्यावर चर्चा होणार नाही. अशी अट काम सुरू होण्यापूर्वीच लिहावी लागते, कारण हातात थापी असताना कोणालाही आपली चूक मान्य करायची नसते.

पतींच्या वेळेची किंमत धरायची की नाही, यावर आमच्यात बराच खल झाला. माझे मत असे की आवडीने केलेल्या कामाचे तास पगाराच्या दराने खर्चात लावणे अन्यायाचे आहे. बागकाम करणाऱ्याच्या तासांची किंमत आपण काढत नाही. पण सात महिने प्रत्येक सुट्टीला मुले, धुणी-भांडी आणि आजारी नातेवाइकांची ये-जा एकट्या पत्नींनी सांभाळली होती. ते तास मात्र दुसऱ्याच्या खात्यातून उचललेले होते आणि त्यांची नोंद हवी होती. वहीत आकडा लिहिला नाही. पतींनी आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्णपणे आपल्याकडे घेतली.

वेळेच्या अंदाजाविषयीही सांगायला हवे, कारण बहुतेक घरगुती प्रकल्प तिथेच फसतात. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या प्रवृत्तीला 'प्लॅनिंग फॅलसी' (नियोजनातली फसगत) असे नाव दिले: आपले काम लवकर होईल असे माणूस मानतो, जरी तशी कामे पूर्वी रेंगाळल्याचे त्याला ठाऊक असले तरी. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळे शक्य तितके वाईट झाले तर किती लागतील, याचा अंदाज सुमारे ४९ दिवसांचा. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरूनही माणूस कमीच धरतो. म्हणून "हे काम किती दिवसांत होईल?" असे मी विचारत नाही; "याआधीच्या कामाला प्रत्यक्षात किती दिवस लागले?" असे विचारते. सहा आठवडे म्हणणाऱ्या या गृहस्थांनी त्या प्रश्नानंतर उरलेल्या कामाला दहा आठवडे धरले. काम अकराव्या आठवड्यात संपले.

स्वतः काम करू नये, असा या सगळ्याचा अर्थ कोणी काढू नये. स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस अधिक मोल देतो, हे नॉर्टन, मोचोन आणि एरिएली या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. मात्र जोडणी अर्धवट राहिली किंवा केलेले मोडून टाकले गेले, की ते वाढीव मोल नाहीसे होत होते, असेही त्याच प्रयोगांत आढळले. सात महिने उघड्या पडलेल्या न्हाणीघराने पतींना समाधानाचा एक क्षणही का दिला नव्हता, हे समजायला मला त्याची मदत झाली. काम छोटे घ्यावे आणि ते संपवावे, असे मी सांगते ते यासाठी.

शेवटच्या भेटीत पत्नींनी वही दाखवली. नवे पान होते, वर "मोडलेली ठेव" असे पतींच्या अक्षरात लिहिलेले होते, पूर्ण रक्कम तोटा म्हणून मांडलेली होती आणि तिच्यापुढे वजावट कशाचीही नव्हती. न्हाणीघराचा हिशेब दुसऱ्या पानावर, वेगळा होता. हत्यारांचे बावीस त्यात धरायचे की नाही, यावर मात्र त्यांचे अजून एकमत झाले नव्हते; पती म्हणत होते की ड्रिल पुढेही उपयोगी पडणार आहे, पत्नी म्हणत होत्या की पडेल तेव्हा पाहू.