सिंथ (सिंथेसायझर) यूएसबीने लॅपटॉपला जोडला, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नोट्स दिसतात, पण आवाज का येत नाही? झूम एच४एन रेकॉर्डर आहे, तरी ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) घ्यावा लागेल का?

नवा इंटरफेस इतक्यात घेऊ नका. तुमचं काम आहे त्यातच होईल.

बऱ्याच सिंथच्या यूएसबीतून फक्त मिडी, म्हणजे वादनाच्या सूचना, जातं आणि मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच नोंद. १९८३ मध्ये मिडी आलं तेव्हापासून हे असंच आहे. आवाजासाठी सिंथच्या मागच्या आउटपुटमधून वेगळ्या केबल काढाव्या लागतात. एल (डावं) आणि आर (उजवं) एच४एनच्या खालच्या १ आणि २ नंबरच्या इनपुटला लावा. एकच केबल असेल तर ती एल/मोनोला. फँटम पॉवर (रेकॉर्डरने माइकला पुरवायची वीज) बंद.

आता रेकॉर्डर यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि त्याच्या मेनूत ऑडिओ इंटरफेस निवडा. विंडोज असेल तर झूमचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने नेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकून रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच ठेवा. सिंथचा व्हॉल्यूम पाऊण, आणि जोरात वाजवलेल्या कॉर्डला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकीच रेकॉर्डरची लेव्हल. वाजवताना सिंथच्याच हेडफोनवर ऐका, म्हणजे आवाज मागे पडल्यासारखा वाटणार नाही.

मिडीची, म्हणजे सिंथची यूएसबी केबल मात्र काढू नका. मी सांगलीत घरीच भजनांचं रेकॉर्डिंग करतो आणि मिडी व ऑडिओ नेहमी दोन ट्रॅकवर एकदमच घेतो. भूपात चुकून मध्यम लागला तर मिडीतली ती नोट ओढून गंधारावर आणायची, त्या ट्रॅकचं मिडी आउटपुट सिंथला द्यायचं आणि ऑडिओ नव्याने भरायचा. बाकीचं वादन, त्यातला जोर, जसाच्या तसा राहतो. मला हे फार मोलाचं वाटतं. वाजवताना प्रत्येक स्वर दोनदा ऐकू आला (एकदा पट्टीमुळे, एकदा रीपरमधून परत आलेल्या मिडीमुळे) तर सिंथमधलं लोकल कंट्रोल, म्हणजे पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी थेट संबंध, बंद करा.

घुंईऽऽ असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. त्यावर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिंथ आणि रेकॉर्डरच्या मध्ये लावायची छोटी पेटी) हा खरा इलाज.

आमच्याकडे तंतुवाद्यांचं मिरज जवळ, त्यामुळे खरा तानपुरा घेण्याचा मोह होतोच. तो रेकॉर्डरच्याच माइकवर, लॅपटॉपपासून लांब, शांत खोलीत घ्या आणि फाइल नंतर आणा. पण सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) रेकॉर्डर आणि रीपर दोन्हीकडे एकच ठेवा. ४८ हजारांची फाइल सॉफ्टवेअरने न बदलता ४४.१ हजारांवर वाजवली तर सूर जवळजवळ दीड पट्टी उतरतो: काळी चारचा तानपुरा पांढरी पाच आणि काळी तीनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. रेकॉर्डर वेगळा चालवून गायकाचा आवाज घेणार असाल तर सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी द्या. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, लांबलचक अभंगात शेवटी फरक कानाला कळतो. टाळ्या जुळवल्या की तो काढता येतो.