वाळवंटातल्या विमानतळावर एवढी विमानं उभी का असतात?

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या विमानतळावर उभी असलेली मोठमोठी विमानं भंगारात काढलेली आहेत का, असं तुम्ही विचारलंय. काही तिथेच सुटी केली जातात हे खरं, पण बरीचशी परत उडण्यासाठीच ठेवलेली असतात.

मी मुंबईत विमानांच्या देखभालीचं काम करते. जुलैत एखादं विमान महिनाभर उभं राहिलं की आम्हाला घोर लागतो. खारा वारा, दमट हवा, गंज कुठून शिरेल सांगता येत नाही. ॲलिस स्प्रिंग्जला वर्षभरात साधारण 280 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत याच्या तिप्पट. त्या कोरड्या हवेसाठीच 2014 मध्ये तिथे विमानं ठेवण्याचं केंद्र निघालं आणि कोविड आल्यावर, एप्रिल 2020 मध्ये, सिंगापूर एअरलाइन्सची दुमजली ए-380 तिथे येऊन थांबली.

उभ्या विमानालाही रोजचं माणूस लागतं. इंजिनांची तोंडं झाकायची, ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवायच्या, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाकं थोडी थोडी फिरवायची. वेग मोजणाऱ्या नळीवर टोपी हवीच. करंगळीएवढं तोंड, पण कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं की वैमानिकाला वेग चुकीचा दिसतो.

हा विमानतळ मात्र माणसांसाठी झाला. त्याआधीची धावपट्टी गावालगत होती. 1939 मध्ये एडी कॉनेलन यांनी तिथून दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर टपाल पोचवायला सुरुवात केली. 1940 च्या सुमारास, युद्धाच्या दिवसांत, सध्याचा विमानतळ गावाबाहेर झाला. आजही ॲडलेड आणि डार्विन दोन्ही सडकेने दीड हजार किलोमीटर लांब आहेत, त्यामुळे प्रवासी विमानांइतकीच इथल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेची विमानं महत्त्वाची.

कॉनेलन यांच्या जुन्या हँगरमध्ये आता संग्रहालय आहे. तिथला ‘कूकाबरा’ या विमानाचा सांगाडा पाहून मी बराच वेळ हलले नाही. एप्रिल 1929 मध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हरवलेल्या वैमानिकांच्या शोधात ॲलिस स्प्रिंग्जहून निघाले. इंजिन बिघडल्यामुळे तनामी वाळवंटात उतरावं लागलं. त्यांनी इंजिन दुरुस्तही केलं, पण झुडपांतून विमान वर उठेना. सोबत पाणी फार थोडं होतं. दोघेही तहानेने गेले.