स्प्रिंगच्या एअर रायफलचा ट्रिगर फार जड आहे. दोन हजारांच्या आत सुधारता येईल का?

तुमच्याकडे .१७७ ची (नळीचा आतला व्यास .१७७ इंच) ब्रेक-बॅरल, म्हणजे बॅरल मधून वाकवून पेलेट (शिशाची छोटी गोळी) भरायची रायफल आहे, ट्रिगर जड आणि खरखरीत लागतो, दहा मीटरवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या भोकांचा पुंजका, फाकतो, आणि एका व्हिडिओत बघून सिअरला कानस मारायचं मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. येईल सुधारता, दोन हजारही लागणार नाहीत. पण कानस अजिबात हातात घेऊ नका.

रायफल कॉक केली, म्हणजे बॅरल वाकवून आतली स्प्रिंग दाबली, की पिस्टन अडवून धरणारा दात म्हणजे सिअर. त्याचा वरचा थर कडक केलेला असतो आणि तो बहुधा पातळ असतो. कानशीने तो निघाला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. सुरुवातीला ट्रिगर लोण्यासारखा चालतो, म्हणून व्हिडिओ छान दिसतो. मग कडा झिजते आणि एक दिवस सिअर आपोआप सुटतो. त्या वेळी बॅरल उघडी असेल तर ती फाडकन मिटते, आणि पेलेट भरणारं बोट नेमकं तिथेच असतं. बोटं अशी चेचली गेली आहेत. रायफल नवीकोरी असली तरी पेलेट बसवून बॅरल मिटेपर्यंत दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवायची सवय लावा.

आता कामाचं. आधी ट्रिगर किती जड आहे ते मोजा. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. रायफल वाळूच्या पिशवीवर आडवी टेकवा, पेलेट भरा, तोंड पेलेट अडवणाऱ्या आडोशाकडेच ठेवा. हुक ट्रिगरच्या मधोमध अडकवून काटा सरळ मागे, सावकाश ओढा आणि सुटताना दिसलेला आकडा लिहून ठेवा. पेलेटशिवाय झाडू नका. समोर हवेची गादी नसली की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो आणि सील फाटतं. असं पाच-सहा वेळा करा. आकडे एकमेकांपासून बरेच लांब असतील तर घर्षण आहे, म्हणजे घाण किंवा कोरडेपणा. सगळे जवळपास सारखे पण जास्त असतील तर तो स्प्रिंगचा जोर. या दोन दुखण्यांना औषधं वेगळी, आणि बहुतेक स्वस्त रायफलींत पहिलंच निघतं.

घर्षणासाठी रायफल अनकॉक असताना स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू काढून ॲक्शन, म्हणजे बॅरल, सिलिंडर आणि ट्रिगरचा धातूचा सांगाडा, बाहेर घ्या. ट्रिगरचा भाग बऱ्याच मॉडेलमध्ये एवढ्यानेच दिसतो. सिलिंडर उघडायला जाऊ नका. आतली स्प्रिंग अनकॉक असतानाही दाबलेली असते आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) ती तोंडावर उडते. जुनं चिकट तेल, लोखंडाचा कीस, लाकडाचा भुसा ब्रशने आणि थोड्या रॉकेलने साफ करा, कापडाने कोरडं करा. मग मॉली ग्रीस, म्हणजे गाडीच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटमध्ये भरतात ते काळं ग्रीस. स्पेअर पार्टच्या दुकानात छोटी ट्यूब मिळते. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच सिअरच्या टेकणाऱ्या कडेला आणि पिनांना लावा. पातळ तेल फवारू नका. ते सिलिंडरमध्ये उतरलं की दाबाने पेट घेतं, धूर निघतो आणि पेलेटचा वेग दर वेळी वेगळा पडतो.

परत जोडताना स्टॉकचे स्क्रू नीट आवळा. धक्क्याने ते सैल होतात, ग्रुप फाकतो आणि दोष बिचाऱ्या ट्रिगरला लागतो.

त्यानंतर ट्रिगरचे ॲडजस्टमेंट स्क्रू. कोणता कशासाठी हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा मॅन्युअल वाचा. पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजा. दर बदलानंतर रायफल कॉक करून, पेलेट भरून, बॅरल मिटून, तोंड आडोशाकडे ठेवून बटवर (खांद्याला टेकणाऱ्या टोकावर) रबरी हातोडीने टकटक करा. सुटली तर स्क्रू लगेच मागे घ्या. तरीही सुटत असेल तर ती रायफल दुरुस्तीलाच द्यायची. स्प्रिंगचं वेटोळं कापून जोर कमी करणं हाही कानशीचाच भाऊ, तो नको.

दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत ट्रिगरला किमान वजनाची अट नाही आणि मॅच रायफलींचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात, हे ऐकून नवशिक्यांना तेच हवं असतं. त्या ट्रिगरची रचनाच वेगळी. तुमच्या रायफलीवर एक किलोच्या खाली जायचा हट्ट धरू नका. स्वच्छ, दर वेळी एकाच जागी सुटणारा दीड किलोसुद्धा उत्तम.

स्प्रिंग रायफलीत पेलेट बॅरलमधून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का सुरू झालेला असतो. त्यामुळे बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे दाब द्या आणि सुटल्यावरही ट्रिगर दाबलेलाच ठेवून नेम धरून थांबा. पुढचा हात सैल असू द्या, रायफल आवळून धरू नका.

हे सगळं .१७७ च्या एअर रायफलपुरतंच. .२२ ची काडतुसाची रायफल असेल तर घरी काही खोलू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या. आणि एअर रायफलही .१७७ पेक्षा मोठ्या बोअरची किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकदीची असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवाना लागतो.

उरलेल्या पैशांत तीन-चार वेगवेगळ्या पेलेटचे डबे घ्या आणि टेकू देऊन प्रत्येकाचा ग्रुप काढून बघा. एकाच रायफलीत दोन पेलेटच्या ग्रुपमध्ये दुपटीचा फरक पडू शकतो.